दिवाळखोरीचे इंग्रजी शब्द कसे वाचावेत

सोलापुरात बँकेची नोटीस येते ती बहुधा इंग्रजीत असते, आणि ती वाचून अर्थ सांगण्याचे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर, नाहीतर कर सल्लागाराच्या कार्यालयात नुकत्याच लागलेल्या मदतनिसावर येऊन पडते. नोटिशीत डिफॉल्ट, इन्सॉल्व्हन्सी, मोरॅटोरियम, लिक्विडेशन असे शब्द असतात. वाचणारा त्या सगळ्यांसाठी ‘दिवाळखोरी’ हा एकच मराठी शब्द वापरतो आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. वास्तविक हप्ता चुकणे, देणी भागवण्याची ऐपत संपणे, न्यायालयाने तसे ठरवणे, मालमत्ता विकून हिशेब मिटवणे आणि शेवटी माणसाने कर्जातून मोकळे होणे या निरनिराळ्या अवस्था आहेत, आणि इंग्रजीत त्या प्रत्येकीला स्वतंत्र शब्द आहे. कोणता शब्द कोणत्या अवस्थेचा आहे हे न कळल्यामुळे काही कुटुंबे विनाकारण घाबरतात, तर काही कुटुंबे घाबरण्याच्या नादात उत्तर देण्याची मुदत घालवून बसतात. दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे असते.

शब्दाचा उगम माहीत असला की त्याची अवस्था लक्षात राहते, हा या लेखामागचा विचार आहे. मात्र उगम हा स्मरणाचा आधार आहे. हक्क आणि मुदती कायद्याच्या मजकुरावरून ठरतात, हे वाचकाने शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी : शब्द कोणाच्या तोंडचा आहे ते पाहावे

हाती आलेल्या कागदावरचे शब्द आधी तीन गटांत वेगळे करावेत. ब्रोक, बस्ट, रुइन्ड हे बाजारातले शब्द आहेत. चाटी गल्लीतल्या कापड बाजारात एखाद्याबद्दल ‘त्याने हात वर केले’ किंवा ‘त्याची पेढी बसली’ असे म्हटले जाते, त्याच जातीचे ते आहेत. त्यांवरून माणसाची स्थिती कळते, पण कोणतीही मुदत किंवा कोणताही हक्क ठरत नाही. ओव्हरड्यू, डिफॉल्ट, एनपीए, राइट-ऑफ हे प्रामुख्याने बँकेच्या हिशेबातले शब्द आहेत. इन्सॉल्व्हंट, बँकरप्ट, मोरॅटोरियम, लिक्विडेशन, डिस्चार्ज हे कायद्यातले शब्द असून त्यांचा नेमका अर्थ कोणत्या कायद्याखाली ते वापरले आहेत यावर अवलंबून असतो.

म्हणून शब्दकोश उघडण्यापूर्वी कागदावर कोणत्या कायद्याचे नाव आणि कोणते कलम आहे ते शोधून अधोरेखित करावे. एका वहीत शब्द, तो वापरणारा आणि कायदा असे तीन रकाने आखून चौथा रकाना उगमासाठी मोकळा ठेवावा. वर्तमानपत्रातली बातमी वाचतानाही हीच सवय उपयोगी पडते, कारण बातमीदार बाजारातला शब्द आणि न्यायालयातला शब्द पुष्कळदा एकाच वाक्यात मिसळतात.

दुसरी पायरी : ‘बँकरप्ट’ फोडून पाहावा

सगळ्यांत जास्त भीती घालणारा शब्द हाच आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबणे योग्य ठरेल. त्याचे मूळ इटालियन भाषेतल्या ‘बांका रोत्ता’ या शब्दजोडीत आहे. तिचा शब्दशः अर्थ मोडलेले बाक. इटलीतल्या मध्ययुगीन शहरांत नाणी बदलून देणारे आणि ठेवी सांभाळणारे सराफ बाजारात बाक किंवा मेज मांडून बसत आणि त्या बाकाच्या नावावरूनच पुढे ‘बँक’ हा शब्द रूढ झाला. ‘बांका’ मुळात जर्मन वंशाच्या भाषांतून इटालियनमध्ये आलेला आहे, त्यामुळे इंग्रजीतले ‘बेंच’ आणि ‘बँक’ हे एकाच घरातले शब्द ठरतात. इटालियनमधून ही शब्दजोडी फ्रेंचमध्ये ‘बांकरूत’ झाली आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत आली. इंग्रज पंडितांना लॅटिनचा ओढा असल्यामुळे त्यांनी तिचा शेवट ‘मोडलेला’ या अर्थाच्या ‘रुप्तुस’ या लॅटिन रूपाप्रमाणे लिहायला सुरुवात केली. आज स्पेलिंगमध्ये ‘पी’ दिसतो तो या दुरुस्तीमुळे. रप्चर, इंटरप्ट, अब्रप्ट, इरप्शन, करप्ट या सर्वांत हेच मोडणे आहे. एकदा हे कुटुंब ओळखले की स्पेलिंग चुकत नाही आणि अर्थही विसरत नाही.

या शब्दाबरोबर एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की ज्या सराफाला देणी देता येत नसत त्याचे बाक लोक भर बाजारात मोडून टाकत. नवख्या वाचकाने ती गोष्ट वहीत जरूर लिहावी, पण ‘असे सांगितले जाते’ या शब्दांनीच लिहावी. ‘रोत्ता’चा अर्थ लाकूड मोडण्यापुरता मर्यादित नव्हता, उद्ध्वस्त झालेला, कोलमडलेला असाही त्याचा लाक्षणिक अर्थ होता, आणि मराठीत पेढी बसते तेव्हा इमारत खचलेली नसते हे आपल्याला माहीतच आहे. आपल्याकडच्या ‘दिवाळे’ या शब्दाबद्दलही अशीच गोष्ट सांगतात, की देणी देता येईनाशी झालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवीत असे. दोन्ही गोष्टी सुंदर आहेत. उगमाची कथा जितकी चित्रमय असेल तितकी ती अधिक सावधपणे घ्यावी, असे मला वाटते, कारण चित्र मनात इतके पक्के बसते की पुरावा मागण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

कायद्याच्या इतिहासात मात्र ठोस पुरावा मिळतो. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५४२ साली, या विषयावरचा पहिला कायदा झाला. दुसऱ्यांचा माल लबाडीने हाती घेऊन एकाएकी परागंदा होणारे, किंवा घराची दारे लावून आत बसणारे लोक, असे ऋणकोचे वर्णन त्याच्या प्रस्तावनेत आहे. म्हणजे बँकरप्ट हा त्या काळी जवळजवळ गुन्हेगार मानला जात होता. पुढे १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या कायद्याने ही तरतूद व्यापार करणाऱ्यांपुरती ठेवली आणि व्यापारी नसलेल्या माणसाला इंग्लंडमध्ये कायद्याने ‘बँकरप्ट’ होता येऊ लागले ते १८६१ च्या कायद्यानंतर. या शब्दाला चिकटलेला लबाडीचा वास याच इतिहासातून आलेला आहे, आणि म्हणूनच महापुराने, सुताच्या भावाने किंवा आजारपणाने बुडालेल्या माणसाला घाईघाईने हा शब्द लावू नये.

तिसरी पायरी : ‘इन्सॉल्व्हंट’ वेगळा ठेवावा

लॅटिनमध्ये ‘सॉल्वेरे’ म्हणजे सोडवणे, गाठ मोकळी करणे. रोमन कायद्यात कर्ज हे बंधन मानले जाई. ‘ऑब्लिगेशन’ या शब्दातही बांधणे याच अर्थाचा धातू आहे. देणे फेडले की ते बंधन सुटते, म्हणून ‘सॉल्वेरे’ला फेडणे असाही अर्थ आला. ज्याला बंधन सोडवता येते तो सॉल्व्हंट, ज्याला सोडवता येत नाही तो इन्सॉल्व्हंट. आपणही कर्जातून ‘सुटलो’, ‘मोकळे झालो’ असेच म्हणतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये.

या एका धातूवर पक्की पकड बसवावी, कारण कर्जाच्या कागदांत तो वारंवार वेगवेगळ्या वेशात येतो. ‘इन्सॉल्व्हन्सी रेझोल्यूशन’ या शब्दजोडीत तो दोनदा आहे. न सुटलेली गाठ सोडवण्याची प्रक्रिया असा तिचा शब्दशः भाव होतो. भागीदारी संपवली जाते त्या ‘डिझोल्यूशन’मध्येही तोच आहे. बँकेच्या पत्रात ‘रेझोल्यूशन’ शब्द दिसला तर तडजोडीची वाट अजून बंद झालेली नाही, एवढे तरी वाचकाने त्यातून घ्यावे.

आता दोन शब्दांतला फरक. इन्सॉल्व्हन्सी ही मुख्यतः स्थिती आहे. देणी वेळेवर देता येत नाहीत ही वस्तुस्थिती. बँकरप्टसी हा दर्जा आहे, जो सक्षम न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने आदेश दिल्यावरच लागतो. माणूस वर्षानुवर्षे पहिल्या स्थितीत राहू शकतो आणि दुसऱ्या दर्जापर्यंत कधीच पोहोचत नाही. सोलापुरातल्या बहुतेक छोट्या यंत्रमागधारकांच्या बाबतीत घडते ते हेच.

भारतीय कायद्यांतली भाषा पाहिली तर हा फरक थोडा गुंतागुंतीचा होतो. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि उरलेल्या मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा झाला, तेव्हा दोन्हींत ‘इन्सॉल्व्हंट’ हाच शब्द वापरला गेला, न्यायालयाने ठरवलेल्या दर्जासाठीसुद्धा. राज्यघटनेतही अनुच्छेद १०२ आणि १९१ मध्ये खासदार व आमदारांच्या अपात्रतेसंबंधी ‘अनडिस्चार्ज्ड इन्सॉल्व्हंट’ असे शब्द आहेत. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ही विभागणी बदलली. तिच्यात व्यक्तीच्या बाबतीत आधी इन्सॉल्व्हन्सी रेझोल्यूशन, ते फसले तर बँकरप्टसी असा क्रम आहे. कंपनीच्या बाबतीत आधी रेझोल्यूशन आणि ते फसले तर लिक्विडेशन. म्हणजे या संहितेच्या भाषेत कंपनी ‘बँकरप्ट’ होत नाही. वर्तमानपत्रे तसे लिहितात ते बाजारातल्या अर्थाने.

या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू करण्यात आला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. एकट्याच्या मालकीचा कारखाना किंवा भागीदारी संस्था यांच्यासाठी १९२० चाच कायदा चालत आला आहे, आणि त्याखालचे अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अधिकारात येतात. म्हणून सोलापुरात कोणी ‘इन्सॉल्व्हन्सी’ म्हणाले तर कर्जदार कंपनी आहे, हमीदार आहे की एकटा मालक आहे, हे आधी विचारावे, आणि त्या वेळची कायद्याची स्थिती वकिलाकडून पडताळून घ्यावी. मराठी कायदेभाषेतला ‘नादार’ हा शब्द फारसीतून आलेला असून ज्याच्याजवळ काही नाही तो, असा त्याचा अर्थ आहे. जुन्या पिढीतल्या लोकांना ‘नादारी’ म्हटले की शाळेतली फीमाफी आठवते, तेव्हा वडीलधाऱ्यांना समजावताना हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतो आहोत ते स्पष्ट सांगावे.

इथेच एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुरुंगात टाकतील का? इंग्लंडमध्ये व्यापारी नसलेले ऋणको कर्जापायी खरोखर तुरुंगात खितपत पडत आणि १८६९ च्या कायद्याने ती पद्धत बरीचशी बंद झाली. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेत दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण केवळ गरिबीमुळे देता येत नाही म्हणून कोणाला कैद करता येणार नाही, त्यासाठी ऐपत असूनही टाळाटाळ किंवा बदहेतू दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सांगितले आहे. न वटलेल्या चेकचा फौजदारी खटला ही वेगळी बाब असून तिची गल्लत करू नये.

चौथी पायरी : कर्जाचे मूळ शब्द पाठ करावेत

हे शब्द नोटिशीच्या पहिल्याच परिच्छेदात येतात. ‘क्रेडिट’ हा लॅटिनमधल्या ‘क्रेदेरे’, विश्वास ठेवणे, या क्रियापदापासून आला आहे, आणि संस्कृत ‘श्रद्धा’ हा त्याचाच दूरचा नातलग आहे. सराफ ‘पत’ म्हणतो तिच्या मुळाशीही विश्वासच आहे. ‘डेट’चे मूळ ‘देबेरे’त आहे, म्हणजे दुसऱ्याचे आपल्याजवळ ठेवून घेणे, ड्यू, ड्यूटी आणि डेबिट त्याच कुळातले. फ्रेंचमधून हा शब्द आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता, तो लॅटिनशी नाते दाखवण्यासाठी मागाहून घातला गेला आणि उच्चारात कधीच आला नाही.

‘डिफॉल्ट’चे मूळ ‘फालेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे; त्याचे अर्थ फसवणे आणि कमी पडणे असे दोन्ही आहेत. फेल, फॉल्ट आणि फॉल्स हे शब्द त्याच धातूचे असल्यामुळे डिफॉल्टर म्हणजे लबाड असा समज सहज होतो. बँकेच्या भाषेत मात्र ठरल्या दिवशी रक्कम न भरणे एवढाच त्याचा अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मुद्दल किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकले की मुदतकर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए, मानले जाते. त्याआधी ३० दिवसांपर्यंत, ६० दिवसांपर्यंत आणि ९० दिवसांपर्यंत असे एसएमएचे, म्हणजे विशेष लक्ष ठेवण्याच्या खात्यांचे, तीन टप्पे असतात, आणि बोलणी करण्यासाठी हाच काळ सर्वांत चांगला असतो. पत्रात ‘विलफुल डिफॉल्टर’ असे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ऐपत असून बुडवल्याचा आरोप असतो आणि त्याला लेखी उत्तर देणे अत्यावश्यक ठरते.

तारणासंबंधी दोन शब्द पुरेत. ‘मॉर्गेज’ हा जुन्या फ्रेंचमधला ‘मृत गहाण’ आहे. सतराव्या शतकातले इंग्रज न्यायपंडित एडवर्ड कोक यांनी त्याचे स्पष्टीकरण असे केले होते, की कर्ज फेडले नाही तर वस्तू ऋणकोला मेल्यासारखी होते आणि फेडले तर सावकाराचा तिच्यावरचा हक्क मरतो. ‘हायपोथिकेशन’ मूळचा ग्रीक, अर्थ ‘खाली ठेवलेले’. यात वस्तू ऋणकोच्याच ताब्यात राहते आणि बँकेचा तिच्यावर बोजा असतो. कारखान्याच्या भिंतीवर अमुक बँकेकडे हायपोथिकेटेड अशी पाटी असते, ती माग आणि माल याच प्रकारे तारण असल्यामुळे.

पाचवी पायरी : ‘लिक्विडेशन’ आणि ‘बंद पडणे’ यांत गल्लत करू नये

‘लिक्विडस’ म्हणजे प्रवाही, आणि त्याबरोबरच स्वच्छ, स्पष्ट. सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘लिक्विडेट’ आला तो हिशेब स्पष्ट करणे, देणे निश्चित करणे या अर्थाने; मालमत्ता विकून रोख करणे हा अर्थ नंतर आला. हा जुना अर्थ आजही कायद्यात जिवंत असून तो न कळल्याने घोटाळा होतो. करारात ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ असे असेल तर त्याचा अर्थ आधीच ठरवून ठेवलेली नुकसानभरपाई; १९२० च्या नादारी कायद्यात धनकोच्या अर्जासाठी कर्जाची रक्कम ‘लिक्विडेटेड’ असावी अशी अट आहे, म्हणजे ती निश्चित असावी. या दोन्ही ठिकाणी काहीही विकले जात नाही.

सोलापूरला हा धडा स्वतःच्या इतिहासातून शिकता येतो. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी मिल, १९४९ च्या ऑगस्टमध्ये संचालकांनी बंद केली. तेव्हा कंपनी विसर्जित झाली नव्हती. गैरव्यवस्थापनामुळे उत्पादन थांबले आणि कामगार बेकार झाले, अशी कारणे देऊन केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून व्यवस्थापन हाती घेतले. त्यावर चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९५० च्या डिसेंबरात ती फेटाळली गेली; द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात मात्र १९५३ च्या डिसेंबरात निकाल त्या वटहुकुमाच्या विरोधात गेला. देशभरातले कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही खटले आजही अभ्यासतात. गिरणीचा भोंगा थांबणे आणि कंपनीचे अस्तित्व संपणे यांत किती अंतर असते, हे त्यांच्या कागदपत्रांतून फार चांगले समजते.

सहकारी संस्थांच्या बाबतीत लिक्विडेशनला मराठीत ‘अवसायन’ आणि लिक्विडेटरला ‘अवसायक’ हे रुळलेले शब्द आहेत. २२ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला आणि अवसायक नेमण्याची सूचना सहकार खात्याला केली, तेव्हा हा शब्द शहरात घराघरांत पोहोचला. ठेवीदाराला अशा वेळी ठेव विमा महामंडळाकडून ५ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. हे संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थांतल्या ठेवींना नाही. आणि बँक अवसायनात निघाली म्हणून तिच्या कर्जदारांचे कर्ज संपत नाही, कारण अवसायकाचे पहिले काम हिशेब स्पष्ट करून येणी वसूल करणे हेच असते. शब्दाचा सोळाव्या शतकातला अर्थ इथे तंतोतंत लागू पडतो.

सहावी पायरी : थांबणे, खोडणे, सोडणे आणि सुटणे

‘मोरॅटोरियम’ लॅटिनमधल्या ‘मोरा’ या शब्दापासून, अर्थ विलंब. करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, तेव्हा अनेकांनी ती माफी समजली आणि नंतर वाढलेले व्याज पाहून त्यांना धक्का बसला. शब्दात विलंबाखेरीज काहीच नव्हते. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या १४ व्या कलमातला मोरॅटोरियम मात्र कंपनीवरचे दावे आणि वसुली काही काळ थांबवतो. शब्द एकच, थांबते ते वेगळे.

‘राइट-ऑफ’, म्हणजे निर्लेखन, यात बँक आपल्या ताळेबंदातून ते कर्ज काढते, पण वसुलीचा हक्क सोडत नाही. ‘वेव्हर’ हा सोडून देणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आलेला आहे आणि त्यात बँक किंवा सरकार खरोखर हक्क सोडते. शेतकऱ्याला कर्जमाफी मिळते ती वेव्हर. बँकांनी उद्योगांची इतकी कोटींची कर्जे राइट-ऑफ केली, अशी बातमी वाचून ती माफ झाली असे म्हणणे चुकीचे आहे. हा फरक प्रत्येक सुशिक्षित मराठी माणसाला माहीत असायलाच हवा, असे मला तीव्रतेने वाटते, कारण सार्वजनिक चर्चेत तो रोज पुसला जातो.

‘डिस्चार्ज’ हा या सगळ्यांतला दिलासा देणारा शब्द. ‘चार्ज’च्या मुळाशी ‘कारुस’, म्हणजे गाडी, हा शब्द असून चार्ज म्हणजे गाडीवर ओझे लादणे, डिस्चार्ज म्हणजे ते उतरवणे. १७०५ च्या इंग्रजी कायद्याने ही कल्पना आणली : आपली सर्व मालमत्ता प्रामाणिकपणे हवाली करणाऱ्या व्यापाऱ्याला उरलेल्या कर्जातून मुक्ती, आणि लबाडीने लपवणाऱ्याला थेट मृत्युदंड. आजच्या नादारीच्या कायद्यात मृत्युदंड नाही, पण सगळे उघड केल्याशिवाय सुटका नाही हे तत्त्व कायम आहे. राज्यघटनेतला ‘अनडिस्चार्ज्ड’ म्हणजे ज्याचे ओझे अजून उतरलेले नाही असा नादार.

बाजारातल्या शब्दांसाठी फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘रुइन’ लॅटिनमधल्या कोसळणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. ‘बस्ट’ हे ‘बर्स्ट’चे बोलीतले रूप, तर ‘ब्रोक’ हे ‘ब्रोकन’चे. ‘डिझास्टर’मध्ये वाईट तारा आहे, आपल्या ‘ग्रह फिरले’ या बोलण्याशी जुळणारा. हे शब्द कोणी रागाच्या किंवा दुःखाच्या भरात वापरले तर त्यांवरून कायदेशीर स्थितीचा अंदाज बांधू नये.

सातवी पायरी : प्रत्यक्ष नोटीस वाचावी

आता कागद समोर घ्यावा. घर किंवा कारखाना तारण असलेल्या कर्जाची नोटीस बहुतेक वेळा २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे तारण मालमत्तेवरून कर्ज वसूल करण्याच्या कायद्याच्या, कलम १३(२) खालची असते, आणि हा कायदा सहकारी बँकांनाही लागू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तीत ‘डिफॉल्ट’ आणि ‘एनपीए’ हे शब्द असतील, ‘बँकरप्ट’ सहसा नसेल. घरातल्यांना सर्वप्रथम हेच सांगावे की कोणी दिवाळखोर ठरलेले नाही, हप्ते थकले आहेत आणि रक्कम भरण्यासाठी ६० दिवस दिले आहेत. त्याच मुदतीत लेखी म्हणणे मांडता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. त्यानंतर कलम १३(४) खाली ताबा घेण्याची कारवाई झाली तर तिच्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत दाद मागता येते. शेतजमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

पतसंस्थेचा कागद असेल तर मजकूर बहुधा मराठीत, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्याचा असतो. तिथे इंग्रजी शब्दांची अडचण कमी, पण तारखांची काळजी तितकीच घ्यावी लागते. ‘गॅरंटर’ म्हणून ज्याचे नाव असेल त्यालाही नोटीस समजावून सांगावी, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि तोच सर्वांत शेवटी जागा होतो.

शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत हा मजकूर पुढे तेलुगूतून किंवा कन्नडमधून सांगितला जातो. अशा वेळी मूळ इंग्रजी शब्द तसाच उच्चारून, त्याची अवस्था सोप्या वाक्यात सांगावी आणि त्याला एकच ठरावीक प्रतिशब्द वापरावा : डिफॉल्टला थकबाकी, इन्सॉल्व्हन्सीला नादारी, बँकरप्टसीला दिवाळखोरी, लिक्विडेशनला अवसायन, राइट-ऑफला निर्लेखन, वेव्हरला माफी. वहीतल्या नोंदीशेजारी नोटीस हाती पडल्याची तारीख, कलम आणि मुदत संपण्याचा दिवस लिहावा, लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवावा, आणि ती वही घेऊनच वकिलाकडे जावे.